यादीतला चौथा

१

निर्बंध खात्याच्या चौकशी-खिडकीपाशी म्हातारा आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. त्याने काचेखालून दोन कागद आत सरकवले. एक त्याच्या बायकोच्या मृत्यूचा दाखला होता. दुसरी खात्यानेच छापलेली यादी, आणि तिच्यातल्या चौथ्या नावाखाली पेन्सिलीची रेघ.

"हे नाव माझं आहे," तो म्हणाला. "जन्मतारीख माझी, पासपोर्टचा नंबर माझा. फक्त तो माणूस मी नाही."

दुपारपर्यंत ते कागद तीन टेबलांवर फिरले आणि शेवटी चौथ्या मजल्यावर, दक्षता शाखेत, सुईबाईंपुढे येऊन पडले. सुईबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गवताच्या गंजीतून सुई काढतात आणि काढल्यावर ती टोचल्याशिवाय राहत नाहीत, म्हणून खात्याने ठेवलेलं. निवृत्तीला सात महिने उरले होते आणि एव्हाना बाई स्वतःही त्या नावाला ओ देत.

समुद्रापलीकडच्या एका देशात तीन वर्षं दोन सेनापती एकमेकांच्या जिवावर उठले होते, आणि मरत होती ती गावंच्या गावं. त्या लढाईला पैसा पुरवणाऱ्या बारा जणांची यादी खात्याने काढली होती. कुणी डिझेलचे टँकर पाठवायचा, कुणी भाडोत्री सैनिक. चौथा खाणीतलं सोनं विकायचा आणि दोन्ही सेनापतींना बंदुका घेऊन द्यायचा. त्याला आपपरभाव नव्हता. यादीत नाव आलं की त्या माणसाची सगळी खाती त्याच दिवशी गोठत. त्याला पैसे देणं गुन्हा, त्याच्याकडून घेणंही गुन्हा.

आणि बाईंपुढे बसलेला म्हातारा चष्म्याची भिंगं घासणारा कारागीर होता. तीस वर्षांपूर्वी त्या देशातून आला, याच शहरात दुकान थाटलं, इथलीच भाषा बोलू लागला. भिंगवाले काका म्हणून गल्ली त्याला ओळखत होती.

"बायकोचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा," काका सांगू लागले. आवाज अगदी सपाट. "यादी सोमवारी निघाली. मंगळवारी केंद्रात माझं कार्ड चालेना. म्हटलं, बँकेचा काही घोळ असेल. घरी रोकड होती, ती नेली. तर तिथला हिशेबनीस दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभा राहिला. म्हणाला, काका, तुमचा पैसा घेतला तर मी आत जाईन. शेजारी भरतो म्हणाला, त्यालाही तेच उत्तर. सरकारी इस्पितळाने अकराव्या दिवसाची तारीख दिली. ती नवव्या दिवशी गेली."

बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. काकांनी तो बघितलासुद्धा नाही.

"काका, नाव सारखं असणं मी समजू शकते," बाई म्हणाल्या. "पण तुमची जन्मतारीख? पासपोर्टचा नंबर? ते आमच्या खात्याकडे आले कुठून?"

काकांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"मीच दिले," ते म्हणाले.

२

घडलं होतं ते असं. फेब्रुवारीत वर्तमानपत्रांत सोन्याच्या व्यापाऱ्याबद्दल छापून आलं. त्याचं आणि काकांचं नाव एक, बापाचं नाव एक, जन्मगावही एकच. त्या मुलखात अशी नावं पैशाला पासरी. विषाची परीक्षा नको म्हणून काकांनी खात्याला पत्र लिहिलं: तो मी नव्हे, हे माझं वय, ही माझ्या पासपोर्टची प्रत, याची मुदत जूनमध्ये संपते आहे. जुलैत नवा पासपोर्ट हातात आला तेव्हा त्याचीही प्रत पाठवली. दोन्ही वेळा पोस्टाची पावती जपून ठेवली.

पावत्या घेऊन बाई तिसऱ्या मजल्यावर गेल्या. तिथल्या आवक-जावक कारकुनाला सगळे घड्याळ म्हणत. पाचाच्या ठोक्याला तो खुर्चीतून उठे आणि भूकंप झाला तरी एक मिनिट आधी किंवा नंतर उठत नसे.

घड्याळाने आवक नोंदवही उघडली. दोन्ही नोंदी जिथल्या तिथे होत्या. फेब्रुवारीचं पत्र कायदा सल्लागार वकीलबाईंच्या नावे. जुलैचं दुभाष्याच्या नावे; नव्या पासपोर्टची लिपी परकी, म्हणून काकांनी पाकिटावर त्याचं नाव घातलं होतं.

"आत काय होतं, ते वाचलंत?"

"छे. मी पाकिटावरचं नाव बघतो, नोंद करतो, पुढे देतो. दुसऱ्याची पाकिटं उघडली नाहीत म्हणून तर बत्तीस वर्षं टिकलो."

मग बाईंनी यादीची मूळ फाइल मागितली. चौथ्या नोंदीचा पहिला मसुदा बघून त्या थबकल्या. तो अचूक होता. सोन्याच्या व्यापाऱ्याची खरी जन्मतारीख, खरा पासपोर्ट नंबर. काकांचा कुठे मागमूस नव्हता. पण मसुद्यामागे टाचणीने एक चिठ्ठी लावलेली होती, टंकलेली, दोन ओळींची: नोंद चारमध्ये पुढीलप्रमाणे दुरुस्ती करावी. खाली काकांची जन्मतारीख आणि नंबर.

"ही कुठून आली?"

घड्याळाने घसा साफ केला. "यादी निघायच्या आधीचा शुक्रवार. पाचाला दहा मिनिटं कमी होती. ट्रेमध्ये दिसली. शिक्का होता, दुरुस्ती केली."

"कुणी ठेवली, ते बघितलं नाहीत? विचारलंतही नाही?"

"विचारत बसलो असतो तर सव्वापाच झाले असते, बाई."

बाईंनी चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरली. कोपऱ्यात निळा गोल शिक्का होता: 'मूळ कागदाशी ताडून पाहिले'. असा शिक्का खात्यात एकाच माणसाकडे होता.

३

बाई दुभाष्याकडे जाण्याआधीच बातमी त्यांच्या पुढे धावली होती. जिन्यात वकीलबाई भेटल्या, काठी टेकत एकेक पायरी उतरत होत्या.

"फेब्रुवारीचं पत्र? मी असलं काही पत्र आयुष्यात पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मला कशाला विचारता? त्या दुभाष्याला धरा. त्याच मुलखातला ना तो? त्याचं रक्त कुठल्या सेनापतीकडे ओढतंय, कुणी सांगावं?"

खात्याच्या प्रमुखांनीही बाईंना बोलावून घेतलं. मोठे साहेब. सव्वीस वर्षांपूर्वी बाई नोकरीला लागल्या तेव्हा अहवाल कसा लिहायचा, हे त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं. अजूनही ते बाईंना अगंतुगं करत आणि बाईंना त्यात माहेरपण वाटे.

"गरीब पोर आहे गं," साहेब म्हणाले. "देश जळतोय, झोप नसेल, गेला असेल एखादा नंबर इकडचा तिकडे. त्याच्या पोटावर पाय आणू नकोस. म्हाताऱ्याची नोंद मी आजच काढायला लावतो. लेखनिक चूक म्हणून लिही आणि मिटव."

दुभाषी तिशीचा होता. टेबलावर कोश, दिवा आणि उघड्या पत्र्याच्या डबीत तो शिक्का. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीही उचलावा असा.

"शिक्का माझा आहे, ताई. चिठ्ठी माझी नाही," तो म्हणाला.

"त्या शुक्रवारी पाचच्या सुमाराला कुठे होतात?"

"गच्चीवर. आमच्या गावात फोन आठवड्यातून एकच तास लागतो, शुक्रवारी चार ते पाच. बहीण तिथे अडकली आहे. प्रत्येक शुक्रवारी मी गच्चीवर असतो, सगळ्या खात्याला ठाऊक आहे."

"बरोबर कुणी?"

"कोण असणार?"

बाईंनी जुलैचं पत्र मागितलं. त्यांना वाटलं होतं तो आढेवेढे घेईल, पण त्याने खण उघडून अर्ध्या मिनिटात ते काढलं. पत्राला त्याचा शेरा जोडलेला होता: हा गृहस्थ वेगळा आहे, नामसाधर्म्यामुळे घोटाळा होऊ देऊ नये.

बाईंनी नव्या पासपोर्टचा नंबर वाचला, मग यादीतला. पुन्हा वाचला. दोन्ही नंबर वेगळे होते.

त्यांनी तिथूनच काकांना फोन लावला.

"यादीतला नंबर जुन्या पासपोर्टचा," काका म्हणाले. "रद्द झालेला. पण बँकेत खातं आठ वर्षांपूर्वी त्याच्यावरच उघडलंय, त्यांच्या दप्तरी तोच आहे. म्हणून तर त्यांच्या यंत्राने मला पकडलं."

बाईंनी फोन ठेवला. जुना नंबर फक्त फेब्रुवारीच्या पत्रात होता.

"तुम्ही या खात्यात कधी आलात?" त्यांनी विचारलं.

"मे महिन्यात, ताई."

म्हणजे ज्याने चिठ्ठी टंकली त्याच्या हातात फेब्रुवारीचं पत्र होतं. आणि नोंदवहीप्रमाणे ते पत्र गेलं होतं वकीलबाईंकडे.

४

संध्याकाळी बाई घरी आल्या त्या वकीलबाईंना मनातल्या मनात फासावर चढवूनच. दाराशी वर्तमानपत्रांचा आणि पाकिटांचा ढीग पडला होता.

"हे काय मांडलंय?"

"शेजाऱ्यांचं," त्यांचे यजमान आतून म्हणाले. ते शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्तीनंतर स्वयंपाकघरात प्रयोग करायचे. "ते गेलेत ना मुलीकडे महिनाभर. पोस्टमन म्हणाला, तुम्हीच ठेवून घ्या. एक पाकीट तर चुकून मी फोडलंसुद्धा. त्यांच्या विम्याचा हप्ता आपल्यापेक्षा कमी आहे, सांगून ठेवतो."

बाई चपला न काढता तशाच उभ्या राहिल्या.

"अगं, आत तरी ये. वरण खाण्यासारखं झालंय आज."

"वकीलबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं होतं हो? आपण बघायला गेलो होतो."

"फेब्रुवारीत. मी पेढे न्यायला निघालो आणि तू म्हणालीस, ऑपरेशनला पेढे नेत नाहीत."

दुसऱ्या दिवशी रजेचा तक्ता उघडून बघितला. जानेवारी अखेर ते मार्चचा मध्य, सहा आठवडे वकीलबाई घरी. पाकिटावर त्यांचं नाव होतं हे खरं. पण ते उघडायला त्या नव्हत्याच. मग त्यांचं टपाल कुणी घेतलं? रुजू झाल्यावर त्यांना ते मिळालं नसेल कशावरून?

उत्तर घड्याळाच्या कपाटात होतं. रजेतलं टपाल परत देताना यादी करायची, देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने सही करायची, असा खात्याचा नियम. बाईंनी नोंदवहीतली वकीलबाईंच्या नावची त्या सहा आठवड्यांची पत्रं मोजली. बेचाळीस. परत दिलेल्यांची यादी मोजली. एकेचाळीस. घड्याळाकडून पुन्हा मोजून घेतली. एकेचाळीसच. काकांचं तेवढं नव्हतं.

घेणाऱ्याची सही वकीलबाईंची होती. देणाऱ्याची सही वाचायचीही गरज नव्हती. ते वळणदार अक्षर बाईंनी सव्वीस वर्षांपूर्वी गिरवून गिरवून आपलंसं केलं होतं.

५

"बस," मोठे साहेब म्हणाले. बाईंच्या हातातली टपालाची यादी त्यांनी बघितली आणि दार स्वतः उठून लावलं.

बाई बसल्या नाहीत. "फेब्रुवारीचं पत्र तुमच्याकडे राहिलं. दुभाष्याने ते पाहिलं नाही, तो आलाच मे महिन्यात. त्याच्याकडे नवा नंबर होता, त्याला करायचं असतं तर त्याने तो घातला असता. वकीलबाई रजेवर होत्या आणि परत आल्यावरही ते पत्र त्यांना मिळालं नाही. घड्याळ पाकिटं उघडत नाही. शुक्रवारी चार ते पाच दुभाषी गच्चीवर असतो, हे तुम्हाला ठाऊक होतं. उरलं कोण, साहेब?"

साहेबांनी नाकारलं नाही. बाईंना वाटत होतं निदान चिडतील तरी.

"यादी वर पाठवली तेव्हा निरोप आला," ते म्हणाले. "चौथं नाव गाळा, नाहीतर आख्खी यादी गाळू. ते सोनं इथल्याच एका कारखान्यात वितळतं. कारखाना कुणाचा, हे मला बोलायला लावू नकोस. पण वर्तमानपत्रं त्याचं नाव घेऊन ओरडत होती, गाळलं असतं तर बोंब झाली असती. तेव्हा ठरलं, नाव ठेवायचं, माणूस सोडायचा."

"आणि त्यासाठी हा म्हातारा सापडला?"

"म्हातारा नको होता मला! नंबर हवा होता. खोटा नंबर यंत्र घेत नाही. खरा, पण मेलेला लागतो. पत्रात लिहिलं होतं, जूनमध्ये मुदत संपते. मी म्हटलं, सप्टेंबरात या नंबरावर जगात कुणी सापडणार नाही. नाव छापलं जाईल, कुणालाच धक्का लागणार नाही आणि बाकीचे अकरा पकडले जातील. बँकेने तो नंबर आठ वर्षं जपून ठेवलाय, हे मला कसं कळावं?"

"एका फोनवर कळलं मला."

साहेब म्हणाले, "आता अहवाल लिहिशील. लिही, मीच शिकवलंय तुला. पण पुढचंही बघ. खात्याच्या प्रमुखाने यादीत जाणूनबुजून खोटं घातलं, असं तुझ्या सहीने गेलं की ते अकरा उद्या कोर्टात उभे राहतील. यादी माझ्या एका सहीने निघाली, ती आख्खी पडेल. खाती मोकळी, टँकर मोकळे."

"आणि लेखनिक चूक असली तर?"

"तर एक नोंद दुरुस्त होते. बाकी जागेवर."

बाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "त्या दिवशी म्हणालात, पोराच्या पोटावर पाय आणू नकोस. मला वाटलं, किती मोठं मन."



६

निदान एक गोष्ट तरी स्वच्छ होती. दुभाष्यावरचं बालंट टळलं होतं, आणि ते त्याला स्वतः सांगायचं बाईंनी ठरवलं. त्याचा तेवढा हक्क होता. त्यांनी सगळं सांगितलं. कुणी केलं, का केलं आणि अहवाल गेला की यादीचं काय होईल, तेही.



"गेल्या शुक्रवारी बहिणीशी बोललो, ताई," तो म्हणाला. "म्हणाली, तोफा ओढणाऱ्या गाड्या जागच्या हलत नाहीत. डिझेल संपलंय. तीन वर्षांत पहिल्यांदा सगळ्या बायका दिवसाउजेडी विहिरीवर गेल्या. तिने केस धुतले म्हणाली. एवढंच सांगत होती तासभर."

"म्हणून मी काय करू?"

"लिहा, दुभाष्याची चूक. शिक्का माझाच आहे."

"वेड लागलंय तुम्हाला? नोकरी जाईल. नोकरी गेली की इथे राहायचा परवाना जाईल!"

"जाईल."

"आणि काका? त्यांना खरं कळायला नको? त्यांची बायको गेली आहे!"

"त्यांना खरं कळलं की अकरा वकिलांना कळेल." तो उठून खिडकीशी गेला. "ताई, तुम्हाला खोटं लिहायला मी सांगतोय, हे मला कळतंय. पण माझ्याकडे बहीण एकच आहे."

बाईंनी दोन दिवस अहवाल लिहिला नाही. यजमानांनी विचारलं, तर त्यांच्यावर खेकसल्या. तिसऱ्या दिवशी लिहिला, दीड पानाचा. दुभाष्याच्या अनवधानाने नामसाधर्म्य असलेल्या व्यक्तीचा तपशील नोंदला गेला, हेतू दिसून येत नाही. सव्वीस वर्षांत त्यांनी लिहिलेला हा सगळ्यात सुबक अहवाल होता. वर एका वाचनात मंजूर झाला.

साहेबांना त्यांनी एकच अट घातली: खुर्ची सोडा. प्रकृतीच्या कारणाने साहेब मुदतीआधी निवृत्त झाले, पेन्शन शाबूत. निरोपाच्या समारंभात त्यांच्या सचोटीवर तीन भाषणं झाली. एक बाईंनाही करायला सांगितलं होतं. त्या दात दुखतोय म्हणून घरी राहिल्या. दुरुस्ती छापून आली, चौथ्या नोंदीत सोन्याच्या व्यापाऱ्याचा खरा तपशील आला. मधल्या एकोणीस दिवसांत त्याने इथली सगळी खाती रिकामी करून गाशा गुंडाळला होता.

काकांना मोकळं केल्याचं पत्र द्यायला बाईंनी त्यांना वर बोलावलं. नेमका त्याच वेळी दुभाषी आपली पुस्तकं खोक्यात भरून बाईंच्या खोलीत आला. कार्यमुक्तीच्या कागदावर त्यांची सही हवी होती. काकांनी पत्र दोनदा वाचलं. 'दुभाष्याच्या अनवधानाने' या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं.

"हा दुभाषी कोण?" त्यांनी विचारलं.

बाईंना उत्तर द्यावं लागलं नाही. दुभाष्याने खोका खाली ठेवला आणि हात जोडले.

काकांनी त्याचा चेहरा निरखला आणि तो आपल्याच मुलखातला आहे हे ओळखलं. मग ते त्यांच्या भाषेत बोलले. आवाज चढला नाही. तीन-चार वाक्यं, मध्ये थांबत थांबत. शेवटचा प्रश्न होता, एवढं बाईंनाही कळलं. दुभाष्याने एका शब्दात उत्तर दिलं. काकांनी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि ते निघून गेले.

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

विचारायला नको होतं. पण तो अजून दुभाषी होता, कागदावर सही व्हायची होती, आणि त्याने आजवर कुणाचं एक वाक्य गाळलं नव्हतं.

"म्हणाले, ज्या विहिरीचं पाणी तू प्यायलास ती तुला पुन्हा न दिसो. म्हणाले, सोनेवाला निदान पैसे घेऊन आपली माणसं मारतो. तू कशासाठी मारलंस?"

"आणि तुम्ही?"

त्याने खोका उचलून काखेत धरला.

"चुकून, म्हणालो."